भीमबेटकाच्या गुहेतले मोहोळ आणि पृथ्वीवरचा पहिला प्राणी

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी सात प्रश्न एकाच विषयाभोवती फिरणारे निघाले. पृथ्वीवरचा पहिला प्राणी कोणता, आणि तो प्राणीच होता हे ठरवायचे कसे, असा तो विषय. म्हणून या वेळी त्यांचीच उत्तरे एकत्र देत आहे. बाकीची पत्रे पुढच्या अंकासाठी राखून ठेवली आहेत.

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नागपूरहून बैतूल–इटारसीमार्गे भोपाळला जाताना वाटेत भीमबेटका पाहिले. तेथील 'ऑडिटोरियम' नावाच्या गुहेत एकाने आम्हाला सांगितले की, येथे वर दगडात पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा ठसा आहे आणि तो जगातील सर्वांत जुन्या प्राण्यांपैकी एकाचा आहे. घरी आल्यावर भाचा म्हणाला, तो ठसा म्हणजे मधमाश्यांचे पोळे निघाले. खरे काय? आणि पोळे व प्राणी यांतला फरक शास्त्रज्ञांना कळू नये, हे कसे?
(एक वाचक, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर: आपल्या भाच्याचे म्हणणे बरोबर आहे. मात्र गुहेत सांगणाऱ्यानेही ती गोष्ट मनाने रचलेली नव्हती. तिचा उत्तरार्ध त्याच्यापर्यंत पोहोचला नव्हता, एवढेच.

मार्च २०२० मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषद भरायची होती. त्या निमित्ताने भारतात आलेले अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे पुराजीवशास्त्रज्ञ ग्रेगरी रिटॅलक आणि त्यांचे सहकारी विंध्य प्रदेशातील खडक पाहत भीमबेटकाला गेले. करोनामुळे परिषद काही त्या वेळी भरली नाही. गुहेत मात्र त्यांना वरच्या बाजूला एक लांबट, पानासारखी आकृती दिसली, जिच्या मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना बरगड्यांसारख्या रेघा फुटलेल्या होत्या. ऑस्ट्रेलियात आणि रशियात सापडणाऱ्या 'डिकिन्सोनिया' या प्राचीन जीवाशी तिचे साम्य विलक्षण होते. 'गोंडवाना रिसर्च' या नियतकालिकात २०२१ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि बातमी जगभर गेली. (गोंडवाना हे नाव आपल्याच भागातल्या गोंडांच्या भूमीवरून भूशास्त्रात गेले आहे, हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको.)

हा वाद एका ठशापुरता नव्हता, हे आधी लक्षात घ्यावे लागते. भीमबेटकाचा वालुकाश्म हा विंध्य खडकांच्या वरच्या, म्हणजे तुलनेने नव्या थरांपैकी आहे. या वरच्या थरांचे वय किती, यावर भूशास्त्रज्ञांत कित्येक वर्षे दोन तट होते. एका तटाच्या मते ते ५५ कोटी वर्षांच्या आसपासचे असावेत, तर दुसऱ्याच्या मते सुमारे १०० कोटी वर्षांचे. डिकिन्सोनिया हा जीव ५५–५६ कोटी वर्षांपूर्वीचा. तो तेथे असेल तर पहिला तट जिंकला, आणि त्याबरोबर त्या काळी भारताचा भूभाग पृथ्वीच्या नकाशावर कोठे होता याचाही हिशेब बदलणार. छताजवळच्या एका आकृतीवर एवढा मोठा भार पडला होता.

फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट हे विंध्य खडकांच्या कालनिश्चितीवर अनेक वर्षे काम करीत होते. ते आपल्या विद्यार्थ्यांसह डिसेंबर २०२२ मध्ये गुहेत गेले, तेव्हा पहिल्याच नजरेत त्यांना खटकले ते हे की, 'जीवाश्म' दगडापासून पापुद्र्यासारखा सुटत होता. वालुकाश्मातला ठसा हा दगडाचाच भाग असतो. तो झिजतो, पण भिंतीच्या रंगासारखा पोपडे धरत नाही. दुसरी गोष्ट दिशेची. समुद्रतळावर पसरलेल्या वाळूत जे गाडले जाते, ते त्या वाळूच्या थराला समांतर राहते. म्हणून थर आडवे असतील तर ठसाही थराच्या वरच्या किंवा खालच्या अंगालाच दिसायला हवा. येथे काही आकृत्या भिंतीवर जवळजवळ उभ्या होत्या, थरांना आडव्या छेदून जाणाऱ्या. तिसरी गोष्ट त्या परिसरात नजर फिरवली की कुणालाही दिसते: आग्या माश्यांची पोळी. काही ताजी, काही सोडून दिलेली, आणि काही अशी की त्यांचा फक्त चिकटलेला बुडखा शिल्लक होता, आणि तो हुबेहूब त्या 'जीवाश्मा'सारखा दिसत होता. मीर्ट आणि सहकाऱ्यांनी हे सारे २०२३ मध्ये त्याच नियतकालिकात मांडले. रिटॅलक यांनी चूक मान्य केली. कोणतीही सबब पुढे केली नाही, ही गोष्ट मला पोळ्याइतकीच नोंदण्यासारखी वाटते.

आता आपला दुसरा प्रश्न. आमच्या घरासमोर पाण्याची एक जुनी उंच टाकी आहे, आणि तिच्या तळाला दर वर्षी आग्या मोहोळ लागते. माश्या उडून गेल्या की मेणाचा तो मोठा पडदा हळूहळू किडे खातात, तो काळवंडतो, तुकडे होऊन गळून पडतो. सिमेंटला चिकटलेली एक लांबट पट्टी मागे उरते. मागच्या उन्हाळ्यात दुर्बिणीने मी ती पट्टी मुद्दाम पाहिली. मध्ये एक कण्यासारखी रेघ होती आणि तिच्या दोन्ही अंगांना षट्कोनी घरांच्या भिंतींचे अवशेष ओळीने उभे होते, जणू माशाचा काटा. मला उत्तर आधीच ठाऊक होते म्हणून हसू आले. ठाऊक नसते, ती पट्टी टाकीऐवजी विंध्य वालुकाश्मावर असती आणि मी तीस वर्षे डिकिन्सोनिया पाहण्यात घालवलेली असती, तर काय झाले असते, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. शिवाय भीमबेटका हे जागतिक वारसास्थळ आहे. तेथे हातोडा काढता येत नाही, तुकडा तोडून प्रयोगशाळेत नेता येत नाही, आणि उंचावरच्या आकृतीचे मुख्यतः छायाचित्रच हाती उरते. आकारावरून ओळख पटवण्यापलीकडे मार्ग नसला की पुराजीवशास्त्रात फसगतीला जागा राहते.

प्रश्न: डिकिन्सोनिया हा प्राणी होता हे तरी कशावरून? आमच्या नववीच्या वर्गात चित्र दाखवल्यावर अर्ध्या मुलांनी ते पान आहे असे सांगितले.
(एक शिक्षिका, वर्धा)

उत्तर: आपल्या वर्गातील मुलांनी जे दहा मिनिटांत केले, तेच जगभरच्या शास्त्रज्ञांनी सत्तर वर्षे केले. रेजिनाल्ड स्प्रिग या तरुण भूशास्त्रज्ञाला १९४६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील एडियाकारा टेकड्यांत जुन्या खाणींची पाहणी करताना वालुकाश्माच्या फरशांवर हे ठसे दिसले. पुढच्या वर्षी त्याने त्यांपैकी एकाला तेथील खाण खात्याचे प्रमुख डिकिन्सन यांचे नाव दिले. त्या काळी सर्वमान्य समजूत अशी होती की, डोळ्यांना दिसणारे प्राणी कॅम्ब्रियन काळात, म्हणजे आजच्या मोजणीने सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी, एकदम अवतरतात आणि त्याआधीचे खडक रिकामे असतात. डार्विनलाही १८५९ मध्ये ही अडचण उघडपणे कबूल करावी लागली होती. स्प्रिगच्या ठशांकडे सुरुवातीला फारसे कुणी गांभीर्याने पाहिले नाही. ते खडक कॅम्ब्रियनच्या आधीचे आहेत हे पुढे मार्टिन ग्लेस्नर यांच्या कामातून ठरले, आणि अखेर २००४ मध्ये त्या टेकड्यांच्या नावावरून 'एडियाकारन' हा ६३ कोटी ५० लाख वर्षांपूर्वी सुरू होणारा स्वतंत्र कालखंड भूशास्त्राच्या अधिकृत तक्त्यात दाखल झाला. त्याआधी शंभराहून अधिक वर्षे त्या तक्त्यात नवा कालखंड आलेला नव्हता.

डिकिन्सोनियाचे रूप सांगायचे तर लंबगोल, पोळीसारखे चपटे अंग, जाडी काही मिलिमीटर, आणि मधल्या रेषेपासून कडेपर्यंत गेलेले वळ. पोर काही मिलिमीटरचे असे, तर सर्वांत मोठा नमुना मीटरभरापेक्षाही लांब. तोंड नाही, डोळे नाहीत, पाय नाहीत. गंमत म्हणजे डावीकडचे वळ आणि उजवीकडचे वळ अगदी समोरासमोर न येता किंचित सरकलेले दिसतात, जशी बाभळीच्या डहाळीवर पाने एकाआड एक येतात. अशा अंगाला काय म्हणावे? कुणी जेलीफिश म्हटले, कुणी चपटा कृमी. जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ झायलाखर यांनी तर म्हटले की, ही आजच्या कोणत्याच वर्गात न बसणारी, हवेच्या गादीसारखी फुगलेली, समूळ नष्ट झालेली वेगळीच सृष्टी आहे. भीमबेटकाच्या संदर्भात वर ज्यांचा उल्लेख आला ते रिटॅलक यांचे मत होते की, हे जीव समुद्रातले नसून जमिनीवरची दगडफुले असावीत. दगडफूल म्हणजे तेच, जे आपल्याकडे सावजी मसाल्यात भाजून घालतात: बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार.

याचा निकाल आकारावरून लागणे शक्य नव्हते. तो लागला रसायनशास्त्रावरून. ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधक इल्या बोब्रोव्स्की हे रशियाच्या वायव्येस श्वेत समुद्राच्या काठी गेले. तेथे साठ ते शंभर मीटर उंचीचे, समुद्रावर तुटलेले कडे आहेत आणि त्या कड्यांतील ५५ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या थरांत असे डिकिन्सोनिया सापडतात, ज्यांवर मूळ जीवाचा कोळशासारखा अतिशय पातळ सेंद्रिय पापुद्रा अजून शाबूत आहे. ऑस्ट्रेलियातील खडकांनी जमिनीखाली आणि उन्हात इतके सोसले आहे की तेथे फक्त आकार उरला. रशियातले थर फारसे तापलेच नाहीत. दोराला लटकून, वरचे दगड दूर करून फरशा काढायच्या, मग प्रयोगशाळेत तो पापुद्रा अलगद उचलायचा, द्रावकात विरघळवायचा आणि त्यातले रेणू एकेक वेगळे करून तोलायचे, असे ते काम होते.

ते शोधत होते कोलेस्टेरॉलच्या घराण्यातले रेणू. डॉक्टर ज्याची धास्ती घालतात तेच कोलेस्टेरॉल. प्राण्याच्या प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असते. हिरवी शैवाले त्याच कामासाठी वेगळा, थोडा मोठा रेणू वापरतात, बुरशी तिसराच. मेल्यानंतर या रेणूंचा सांगाडा, फार तापला नाही तर, कोट्यवधी वर्षे टिकतो. डिकिन्सोनियाच्या पापुद्र्यात यांपैकी कोलेस्टेरॉलच्या घराण्याचे प्रमाण ९३ टक्क्यांपर्यंत निघाले. त्याच फरशीवर, त्या जीवाच्या बाहेर, बोटभर अंतरावर खरवडलेल्या भागात मात्र हिरव्या शैवालांचा रेणू वरचढ होता. बुरशीचा रेणू नव्हता, म्हणून दगडफुलाचा पक्षही मागे पडला. हा निबंध २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला.

मला या संशोधनातील तुलनेचा भाग निकालापेक्षाही अधिक मोलाचा वाटतो. जीवाश्मात कोलेस्टेरॉल सापडले, एवढेच त्यांनी सांगितले असते तर कुणीही म्हटले असते की ते इकडून-तिकडून झिरपले असेल, किंवा हाताळणाऱ्याच्या बोटांचे असेल. शेजारचा खडक वेगळे उत्तर देतो, हे दाखवल्यावर ती वाट बंद झाली. आणि हीच रीत याच गटाने त्याच वर्षी 'बेल्टनेलिफॉर्मिस' नावाच्या गोलसर ठशांवर वापरली, तेव्हा उत्तर उलटे आले. ज्यांना कधी काळी जेलीफिश समजले जात होते, ते गोळे प्राणी नव्हते, सायनोबॅक्टेरियांच्या, म्हणजे नील-हरित जिवाणूंच्या वसाहती होत्या.

मुलांना आणखी एक पुरावा सांगता येईल. समुद्रतळावर तेव्हा सगळीकडे जिवाणूंचा एक चिवट थर असे, दुधावरच्या सायीसारखा. काही फरशांवर या सायीत डिकिन्सोनियाच्या अंगाएवढ्याच आकाराचे पुसट ठसे एकामागोमाग एक दिसतात. म्हणजे तो एका जागी बसे, खालची साय शोषून घेई आणि पुढे सरके. पाने जागा सोडून दुसरीकडे जेवायला जात नाहीत, एवढे नववीच्या वर्गाला पटावे.

प्रश्न: माझी मुलगी दहावीत आहे आणि तिला याच विषयाचा नाद आहे. तिच्या वयाच्या कुणी असा शोध लावला आहे का?
(एक पालक, सक्करदरा, नागपूर)

उत्तर: लावला आहे, आणि ज्या मुलीने तो प्रथम लावला, तिला त्याचे श्रेय मिळायला फार वर्षे लागली. इंग्लंडमधील लेस्टरशर परगण्यात चार्नवुड नावाचे जंगल आहे. १९५६ साली टीना नेगस ही पंधरा वर्षांची मुलगी तेथील खाणीत गेली असता तिला दगडावर नेच्याच्या पानासारखा ठसा दिसला. तिने शाळेत भूगोलाच्या शिक्षिकेला सांगितले, तेव्हा उत्तर मिळाले की त्या खडकांत जीवाश्म नसतातच. मुलगी पुन्हा तेथे गेली, कागद ठेवून ठशाचे रेखाटन उतरवून आणले, पण विषय तेथेच थांबला. पुढच्या वर्षी रॉजर मेसन या शाळकरी मुलाने मित्रांबरोबर चढाई करताना तोच ठसा पाहिला. त्याच्या सुदैवाने ती वार्ता विद्यापीठातील भूशास्त्रज्ञ ट्रेव्हर फोर्ड यांच्यापर्यंत गेली आणि १९५८ मध्ये फोर्ड यांनी त्या जीवाचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव ठेवले 'चार्निया मेसनी'. पहिला शब्द जंगलावरून, दुसरा त्या मुलावरून. कॅम्ब्रियनच्या आधीच्या निर्विवाद खडकात इतका मोठा आणि गुंतागुंतीचा जीव प्रथमच जगापुढे आला होता. टीना नेगस यांचा वाटा पुढे मेसन यांनीच मोकळेपणाने मान्य केला.

शिक्षिकेला दोष देणे सोपे आहे, पण ती तेव्हाच्या पुस्तकात जे होते तेच सांगत होती. आपल्या मुलीला एक गोष्ट जरूर सांगावी: काही दिसले की त्याच दिवशी वहीत जागा, तारीख, दगडाचा थर आणि शेजारी ठेवलेल्या नाण्यासह छायाचित्र यांची नोंद करायची, आणि दगड शक्यतो जागेवरच ठेवायचा. आणि दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात असे ठसे शोधू नयेत. वालुकाश्मावरचा ठसा जेमतेम एक-दोन मिलिमीटर उंच-सखल असतो. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरके आले की त्याची सावली पडते आणि दुपारी कोरी दिसलेली फरशी एकदम बोलू लागते. घरात बॅटरी दगडाच्या कडेला आडवी धरून हा प्रयोग करता येतो.

प्रश्न: म्हणजे आपल्या मध्य भारतात या विषयाचे काहीच नाही, असे समजायचे का?
(एक निवृत्त अभियंता, कामठी)

उत्तर: तसे मुळीच नाही. विंध्य खडकांनी शास्त्रज्ञांना चकवण्याची भीमबेटका ही पहिली वेळ नव्हे, आणि त्या चकव्यांतून जे हाती आले ते लहानसहान नाही.

१९९८ हे साल यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी वर उल्लेख आलेले झायलाखर, भारतीय भूशास्त्रज्ञ प्रदीप बोस आणि त्यांचे सहकारी फ्रीडरिश फ्लूगर यांनी मध्य प्रदेशातील चोरहट वालुकाश्मातील नागमोडी बारीक खुणा दाखवून म्हटले की, ही कृमींनी सायीखालून पोखरलेली बिळे आहेत आणि ती शंभर कोटी वर्षांहून जुनी आहेत. पुढे काही वर्षांत त्या थरांतील ज्वालामुखीच्या राखेतील झिरकॉन स्फटिकांवरून वय काढले गेले. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसे घेत नाही. म्हणून आज त्यात जे शिसे सापडते ते युरेनियमच्या क्षयातून आलेले, आणि दोहोंच्या प्रमाणावरून वय मोजता येते. वय निघाले सुमारे १६० कोटी वर्षे. प्राण्यांसाठी ते इतके अवेळी होते की, दावा बळकट होण्याऐवजी डळमळीत झाला. आता त्या खुणा बहुतेकांच्या मते जिवाणूंच्या सायीला पडलेल्या भेगा-सुरकुत्यांसारख्या काहीतरी आहेत, बिळे नव्हेत.

त्याच वर्षी रफत आझमी यांनी विंध्यच्याच रोहतास चुनखडकातून बारीक नळ्यांसारखे जीवाश्म वर्णिले आणि ते कॅम्ब्रियनच्या सुरुवातीचे, म्हणून खडकही तेवढाच तरुण, असे प्रतिपादन केले. यावर मोठे वादळ उठले. जीवाश्म खरे आहेत का, तेथलेच आहेत का, इथपर्यंत शंका घेतल्या गेल्या. मग स्वीडनचे स्टेफान बेंग्टसन आझमींसह स्वतः चित्रकूट परिसरात गेले, नवे नमुने गोळा केले आणि २००९ मध्ये निकाल दिला: जीवाश्म अस्सल आहेत, पण वय १६० कोटी वर्षे आणि ते प्राणी नव्हेत. पुढे क्ष-किरणांनी दगड न फोडता त्यांच्या आतल्या पेशींचे चित्र काढता आले, तेव्हा ती लाल शैवाले असावीत असा निष्कर्ष २०१७ मध्ये निघाला. त्यांपैकी एकाचे नाव 'राफाताझ्मिया चित्रकूटेन्सिस' ठेवले गेले. आझमींनी सांगितलेले खडकाचे वय चुकले होते, जीवाश्मांची ओळखही चुकली होती. परंतु त्यांनी जे गोळा केले होते, ते प्राण्यांपेक्षाही जुन्या, पेशीकेंद्रक असलेल्या बहुपेशीय जीवनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत आज मोजले जाते. प्राणी शोधायला जाऊन शैवालाचा पूर्वज सापडला, याला अपयश म्हणायचे असेल तर असे अपयश प्रत्येक संशोधकाला लाभावे.

एडियाकारन काळाचे खडक आपल्या देशात आहेत, पण नागपूरपासून दूर. राजस्थानात जोधपूरचा तांबूस वालुकाश्म, ज्याने ते शहर बांधले आहे, आणि हिमालयाच्या पायथ्याकडचे मसुरी-नैनीतालचे क्रोल थर, या दोन्ही ठिकाणी त्या काळाचे काम चालू आहे.

प्रश्न: ५५ कोटी हा आकडा डोक्यात शिरत नाही. सोपे करून सांगावे.
(एक विद्यार्थी, हिंगणा)

उत्तर: समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर आहे. मुंबईकडच्या टोकाला पृथ्वीचा जन्म धरला, म्हणजे ४५४ कोटी वर्षांपूर्वी, आणि नागपूरच्या टोकाला आज, तर एक किलोमीटर म्हणजे सुमारे ६५ लाख वर्षे. भीमबेटकाचा दगड नागपूरच्या अलीकडे दीडशे किलोमीटरवर; चित्रकूटची शैवाले जवळजवळ अडीचशे किलोमीटरवर. डिकिन्सोनिया भेटतो तो साधारण वर्धा जिल्ह्यात शिरता शिरता, नागपूरच्या अलीकडे ८६ किलोमीटरवर. डायनोसॉर संपतात तेव्हा दहा किलोमीटर उरलेले असतात, आणि माणूस शेवटच्या पन्नास मीटरांत येतो.

प्रश्न: कॅनडात ८९ कोटी वर्षांपूर्वीचा स्पंज सापडल्याचे वाचले. मग डिकिन्सोनिया सर्वांत जुना कसा?
(एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर: एलिझाबेथ टर्नर यांनी २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये तसे सुचवले आहे. खडकाच्या कागदाइतक्या पातळ कापांत त्यांना बारीक नळ्यांचे जाळे दिसले, जे आजच्या अंघोळीच्या स्पंजाच्या तंतूंशी जुळते. स्पंज हे प्राणीकुळातील अगदी साधे सदस्य असल्याने, प्राण्यांच्या जनुकांतील फरकांवरून मागे मोजत गेल्यास ते एडियाकारनच्या बऱ्याच आधी निघतात, ही बाबही त्यांच्या बाजूने आहे. पण जाळे म्हणजे पुन्हा आकारच. शैवाल किंवा जिवाणू तसे जाळे विणू शकत नाहीत, हे अजून कुणी दाखवलेले नाही, म्हणून अनेक तज्ज्ञांनी तो दावा स्वीकारलेला नाही. ओमानमधील ६३ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतून २००९ मध्ये स्पंजाचा म्हणून जो रेणू जाहीर झाला, त्याच्याही बाबतीत पुढे दाखवले गेले की शैवालांच्या रेणूंतही बदल होऊन तो तयार होऊ शकतो. म्हणून 'सर्वांत जुना प्राणी' असे विचारले तर मी दावा आणि पुरावा वेगळे करून सांगेन: दावा ८९ कोटींपर्यंत जातो; आकार आणि रसायन दोन्ही एकाच नमुन्यात जुळलेला पुरावा ५५ कोटी ८० लाखांचा आहे. चार्नियासारखे जीव त्याहूनही काही जुने, कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या खडकांत सुमारे ५७ कोटींपर्यंतचे, आहेत आणि बहुतेक जण आता त्यांनाही प्राणीच मानतात. फक्त त्यांच्या अंगाचा पापुद्रा कुठे शिल्लक नाही.

प्रश्न: सोबत छायाचित्र पाठवत आहे. मनसरजवळ सापडलेल्या या फिकट दगडावर काळ्या रंगाचे नेच्याचे पान स्पष्ट दिसते. हा जीवाश्म किती वर्षांपूर्वीचा असावा?
(एक वाचक, रामटेक)

उत्तर: हे पान नाही. मनसर-कांद्रीचा परिसर मँगनीजच्या खाणींचा आहे, हे आपण जाणताच. पावसाच्या पाण्यात विरघळलेले मँगनीज दगडाच्या केसाएवढ्या भेगेत शिरते आणि तेथे फांद्या फुटत फुटत साचते. काचेवर थंडीत बर्फाची नक्षी उमटावी तसे. आपल्या छायाचित्रात उजव्या कोपऱ्यात नीट पाहावे: 'पानाचे' सगळे देठ दगडाच्या एका सरळ चिरेवरून निघालेले आहेत, पानाला मधली शीर नाही, आणि फांद्या एकमेकींना स्पर्श करायच्या आधीच थांबल्या आहेत. दगड त्याच चिरेवर अलगद उकलला तर समोरच्या तुकड्यावरही तीच नक्षी मिळेल. खरे पान हवे असेल तर आपल्या घरापासून फार लांब जावे लागणार नाही. कामठी आणि उमरेडकडच्या कोळशाच्या पट्ट्यातील गोंडवाना थरांत ग्लोसोप्टेरिसची जिभेच्या आकाराची पाने सापडतात. ज्यांच्या नावाने आपल्याकडे महाविद्यालय आहे, ते स्टीफन हिस्लॉप एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नागपूर परिसरातून असे जीवाश्म गोळा करून लंडनला पाठवत असत. त्या पानाला मधली शीर असते आणि तिच्यापासून निघालेल्या बारीक शिरांची जाळी असते. साधे भिंगही ती दाखवते. आपल्या दगडावर भिंग धरून पाहावे आणि काय दिसले ते कळवावे.